फटफटीचं पांघरूण

पावसाळा जवळ आला की लोकांना काय काय आठवतं. कुणाला माहेर, कुणाला भजी. मला गंज आठवतो.

परवा रविवारी माझी नात पल्लवी उस्मानपुऱ्याहून पडेगावला आली. ती मोटारसायकलवरच येते. वाळूजच्या कंपनीत नोकरी करते आणि स्वतःच्या पगारातून तिनं ही गाडी घेतली आहे. स्कूटी नाही, मोटारसायकल. आली, हेल्मेट काढलं, घटाघटा पाणी प्याली आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "आजी, यातलं एक कव्हर सांग."

ती राहते त्या बिल्डिंगीत खाली छपराची जागा आहे, पण ती चारचाकीवाल्यांची. जिन्याखालची बोळकांडी स्कूट्यांची. तिथल्या सेक्रेटरीनं तिला सांगितलं, तुझी गाडी भिंतीबाहेर लिंबाखाली लाव, मुलीच्या जातीला एवढं धूड घ्यायला सांगितलं कुणी? माझ्या मुलानं, बबननं, म्हणजे तिच्या बापानं, सेक्रेटरीसमोर मान हलवली आणि वर घरात येऊन लेकीला म्हणाला, "स्कूटी घेतली असती तर जिन्याखाली मावली असती." आता चार महिने गाडी उघड्यावर राहणार, म्हणून कव्हर.

मोबाइलवर कव्हरंच कव्हरं. काळी, निळी, चांदीच्या रंगाची. पल्लवी वाचून दाखवत होती. सगळी वॉटरप्रूफ. हे शंभर टक्के वॉटरप्रूफ, ते त्याहून वॉटरप्रूफ.

मी विचारलं, "खालून वारा जातो का?"

"आजी, पावसाचं विचार ना. वाऱ्याचं काय घेऊन बसलीस?"

"पावसाचं तर समदेच सांगत्यात. तू वाऱ्याचं बघ."

तिनं बरंच खालीवर केलं. वाऱ्याचं कुणी लिहिलेलं नव्हतं. बाहेर ऊन होतं, पण दौलताबादच्या बाजूनं ढगाची काळी कड दिसत होती आणि दारातला पाचोळा गोल फिरत होता. मी म्हटलं, थांब, घाई करू नकोस. या कामात मी एक अख्खा पावसाळा घालवला आहे.

तेव्हा या शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि पडेगाव शहराबाहेर होतं. आम्ही मेंढरांची माणसं. सासऱ्यांच्या काळात मेंढरं कमी करून म्हशी आणल्या आणि घर एका जागी बसलं. बबनचे वडील, म्हणजे माझा नवरा, उस्मानपुऱ्यात दूध घालायचे. आधी सायकलवर, मग जुनी काळी फटफटी घेतली. दोन्हीकडं दोन कॅन. ती गाडी दारात शिरली की दूध आणि पेट्रोल यांचा मिळून एक वास यायचा. चांगला वास नव्हता तो. पण तो वास आला की चुलीवर तवा टाकायचा, एवढं मला कळायचं.

शेवटच्या वर्षी त्यांच्या पोटात दुखायचं. किक मारली की ओय करून खाली बसायचे. मग किक मी मारायला लागले. पेट्रोलची चावी खाली, चोक वर, पाय ठेवायचा, आधी हळू दाबायचं, मग सगळं अंग टाकायचं. मी लुगडं नेसायची, कासोटा घातलेला. टांग टाकायला काही अडचण नव्हती. अडचण बघणाऱ्यांना होती.

ज्येष्ठात ते गेले. बबन सात वर्षांचा होता. रडणं वगैरे झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सगळ्यांचं तसंच होतं.

तेराव्यानंतर थोरल्या दिरांनी फटफटी गोठ्यातून बाहेर काढली. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. आमच्यात थोरल्या दिराशी धाकट्या भावाची बायको थेट बोलत नसे. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढायचा आणि गप्प बसायचं. पण एका घरात राहायचं तर बोलावं लागतंच. म्हणून अण्णा म्हशीला सांगायचे आणि मी गोठ्याच्या मेढीला, म्हणजे लाकडी खांबाला, उत्तर द्यायची. म्हशीचं नाव चंद्री. त्या बिचारीनं आमच्या घरातली सगळी भांडणं ऐकली आहेत.

त्या दिवशी अण्णा तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चंद्रे, तुझ्या मालकिणीला सांग, गोठा जनावरांचा हाय, लोखंडाचा नाय. ही फटफटी भंगारवाल्याला देतो. दूध हितनंच टेम्पोला घालू."

मी मेढीला म्हटलं, "दूध मी घालीन. मालकांची दुधाची घरं मला माहीत हाईत."

अण्णा हसले. ओट्यावर चार माणसं बसली होती, तीही हसली. अण्णा म्हणाले, "चंद्रे, आता बाईमाणूस फटफटी हाकणार व्हय! बरं बाई. दसऱ्यापतूर राहू दे. दसऱ्याला एवढ्या माणसांसमोर चालू झाली तर तिची. नाय झाली तर भंगारात. पण गोठ्यात नाय अन् ओट्यावर नाय. भायेर."

त्यांनी थट्टेत बोललेलं मी खरं धरलं. कारण मला माहीत होतं की गाडी गेली तर दुधाची घरं जातील, आणि घरं गेली तर मी आणि बबन अण्णांच्या चुलीवरचे होऊ. वाढतील तेवढं खायचं आणि बोलतील तेवढं ऐकायचं, जन्मभर. अण्णा काही वाईट माणूस नव्हते. पण चांगल्या माणसाच्या चुलीवरसुद्धा ताट पुढं करावंच लागतं.

बाभळीखाली गाडी उभी केली. पुढं मृग, आर्द्रा, सगळी नक्षत्रं रांगेनं उभी होती.

पहिलं पांघरूण मी खताच्या गोण्यांचं केलं. आतून बाहेरून प्लास्टिक. सहा गोण्या उसवल्या, दाभणानं आणि सुतळीनं एकमेकींना जोडल्या, शिवणीवर डांबर लावलं. गाडीला वरून खालपर्यंत गुंडाळून चाकापाशी दोरीनं आवळून टाकलं, थेंब आत जाईल तर शपथ. पाऊस पडला की त्याच्यावर ताडताड वाजायचं आणि मला घरात बरं वाटायचं. वाज म्हणायची मी, किती वाजायचं ते वाज.

रोज सकाळी गोण्या थोड्या वर करून गाडी चालू करायची, बंद करायची आणि पुन्हा आवळायची. एकदा सायलेंसर गरम असतानाच आवळली. प्लास्टिक त्याला वितळून चिकटलं, काळं, मेणासारखं, आणि असा घाण वास सुटला की चंद्रीनं वैरण सोडली. ते खरवडायला मी संपूर्ण गोण्या सोडल्या आणि बघत राहिले. बाहेरून गोणी कोरडी. आतून पाणी ओघळत होतं. टाकीला घाम फुटला होता. सीटवर पांढरी बुरशी, चाकाच्या तारांवर तांबूस पूड, साखळी तर गुळाच्या रंगाची. जसा काही पाऊस आतच पडत होता.

मला वाटलं माझी शिवण गळते. मी आणखी दाभण चालवलं, आणखी डांबर लावलं, आणखी आवळलं. आठ दिवसांनी आणखी गंज. राख आणि रॉकेल घेऊन एकेक तार घासत बसायची मी. बोटांची कातडी तांबडी झाली. त्या हातानं भाकरी केली की बबन म्हणायचा, "आई, भाकरीला खिळ्याची चव लागती." म्हटलं, खा. लोखंड चांगलं असतं.

मग मी जी चूक केली ती आमच्यातलंच माणूस करू शकतं. मला वाटलं, प्लास्टिक कालचं. आपल्याकडं पावसाला पिढ्यान् पिढ्या एकच उत्तर आहे, घोंगडी. आमचे लोक खुलताबादच्या डोंगरावर घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन दिवसदिवस पावसात उभे राहिलेले आहेत. घोंगडीवर थेंब पडतो आणि मोत्यासारखा घरंगळतो. माणूस वाचतो तर लोखंड का वाचणार नाही? बबनच्या वडिलांची घोंगडी पेटीत होती, काळीभोर, चिंचोक्याची खळ दिलेली, पत्र्यासारखी ताठ. ती काढली आणि गाडीवर घातली.

घरात भूकंप झाला. घोंगडी आमच्यात साधी नाही. तिच्यावर देव बसतो, न्यायाला पंच बसतात, तिच्यावर भंडारा टाकून शपथ घेतात. अण्णा चंद्रीला म्हणाले, "मेलेल्या माणसाची घोंगडी देवाला द्यायची सोडून फटफटीला घालतीया. हिला सांग, देव कोपंल."

मी मेढीला म्हटलं, "देवाला घोंगड्या लई. फटफटीला एकबी नाय."

देव कोपला की नाही माहीत नाही, पुष्य नक्षत्र कोपलं. तीन दिवस झड लागली. घोंगडी माणसाच्या अंगावर असते तेव्हा माणूस हलतो, चालतो, ती झटकतो, संध्याकाळी चुलीपाशी वाळवतो. गाडी झटकत नाही. घोंगडीनं पाणी पिऊन घेतलं आणि ओल्या मेंढरासारखी गाडीवर बसून राहिली. चौथ्या दिवशी ऊन पडल्यावर ती ओढली तर मला उचलेना. किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. आत नुसता खोकला. दुपारपर्यंत मारत राहिले, पोटरीला गोळे आले. अण्णा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. "चंद्रे," ते म्हणाले, "फटफटीची कातरणी कधी हाय विचार. लोकर तर लई आली."

त्यांच्या जागी मी असते तर मीही हसले असते. म्हणून राग जास्त आला.

पडेगावच्या रस्त्यावर हमीद मिस्त्री होते. बबनचे वडील त्यांच्याकडंच गाडी दाखवायचे. लोटाभर दूध घेऊन मी त्यांच्याकडं गेले आणि ते पान्हे घेऊन माझ्यासोबत आले. त्यांनी सीट काढली, खाली हात घातला आणि मूठभर काळी लोकर बाहेर काढली. उंदरानं घोंगडी कुरतडून हवेच्या नळीच्या तोंडाशी घर केलं होतं.

"अरे भाभी," हमीदभाई म्हणाले, "गाडीकू बाल उगे!"

मी हसले नाही. म्हटलं, "भाई, आधी प्लास्टिक घातलं होतं. शिवणीतून थेंब जात नव्हता. तरी गंज कसा आला?"

त्यांनी प्लग काढला, लुंगीला पुसला, उन्हात धरून बघितला. "पानी नै मारा इसकू. पसीना मारा. जमीन का भाप उप्पर आता, प्लास्टिक में अटकता, रात को ठंडा हुआ की पानी. तुम थेंब को बाहर रखे, भाप को अंदर कोंड दिए. कायकू इत्ता कसके बांधे? भागनेवाली है क्या गाडी?"

मी कपाळाला हात लावला. कारण हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. ओली लोकर पोत्यात दाबून भरली की आतून तापते, पिवळी पडते, सडते. माझी आई पोत्यात हात घालून बघायची आणि गरम लागलं की आम्हाला बुक्के मारायची. लोकरीला वारा लागतो हे ज्या बाईला माहीत आहे, तिला लोखंडालाही वारा लागतो हे कळलं नाही. चौथीपर्यंतच शिकले म्हणून नव्हे. घाबरले होते म्हणून. घाबरलेलं माणूस आवळतं.

हमीदभाईंनी नळी साफ करून गाडी चालू करून दिली. त्याच दिवशी मी माळ्यावरून जुनं पाल काढलं. मेंढरांमागं फिरताना मुक्कामाला ठोकायचं ते, मेणकापडाचं, जाड. बाभळीखाली दोन मेढ्या रोवल्या, वर आडवा बांबू टाकला, निरगुडीच्या फांद्या वाकवून बाजूंना लावल्या आणि पाल वरून टाकलं. गाडीला कुठंही टेकू दिलं नाही. जमिनीपासून वीतभर वर ठेवलं. तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला, जसं मुक्कामाला ठेवतात. चाकांखाली फरशी टाकली. सकाळी ऊन असलं की पाल वर करायचं, गाडी चालू करायची, सायलेंसरला हात लावता येईपर्यंत थांबायचं, मग पाल खाली. उंदरासाठी करंजाचं तेल लावलेल्या चिंध्या. त्याचा उपयोग झाला की उंदीरच कंटाळला, सांगता येत नाही.

गल्लीतल्या बाया बघायला आल्या. एक म्हणाली, "अगं बया, फटफटीला खुराडं बांधलं! आता अंडी देणार." म्हटलं, देईल तेव्हा तुला एक पाठवीन.

मघा गेल्या, पूर्वा गेल्या. पाल गळलं नाही असं नाही, दोन ठिकाणी गळलं. पण गळलेलं पाणी वाऱ्यानं वाळायचं. हे मला त्या पावसाळ्यानं शिकवलं. पाणी आत येणारच, त्याला बाहेर जायला वाट पाहिजे. तारांवरचा जुना गंज तसाच राहिला, नवा आला नाही. हमीदभाई अधूनमधून येऊन गाडी मोठ्या स्टँडवर उभी करायचे आणि मला वर बसवायचे. क्लच, गिअर, रेस. मागचं चाक हवेत गरगर फिरायचं आणि मी जागच्या जागी दौलताबादपर्यंत जाऊन यायची. "बस, भाभी, चलाना आ गया," ते म्हणायचे.

दसऱ्याला आमच्या दारात हत्यारं मांडतात. कोयते, विळे, मेंढरं कातरायच्या कातरी. भावकी जमलेली होती. आदल्या दिवशीपर्यंत हस्ताचा पाऊस होता, जमीन चिकचिक करत होती. मी पाल काढलं. गाडी जुनी दिसत होती, पण गाडी दिसत होती. मी तिच्या टाकीवर मूठभर भंडारा टाकला. पेट्रोलची चावी खाली, चोक वर.

पहिली किक गेली. दुसरी गेली. किती मारल्या मोजल्या नाहीत, पण ओट्यावर कुणीतरी हसायला सुरुवात केली तेवढ्या नक्की झाल्या. एका किकेला डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. आठ वर्षं अण्णांसमोर तो पदर कपाळावरच होता. मला तो वर घ्यायला वेळ नव्हता. पाय ठेवला, आधी हळू दाबलं, मग सगळं अंग टाकलं. गाडी फट्ट करून बोलली, थांबली, आणि मग एकसारखी फटफट लागली. कोंबड्या पळाल्या. बबन ओरडला.

हसणं थांबलं. अण्णा उठून वाटेत येऊन उभे राहिले. गोठ्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "चंद्रे, चालू झाली म्हणून काय झालं! चालवणार कोण? तिला सांग, पुरं झाला तमाशा, गाडी बंद कर अन् आत जा."

मी टांग टाकून बसले, क्लच दाबला, गिअर टाकला. मेढी तिथं नव्हती. मी अण्णांच्या डोळ्यांत बघितलं. आठ वर्षांत पहिल्यांदा. त्यांचे डोळे घारे होते, ते मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

"अण्णा," मी म्हटलं, "बाजूला व्हा. मला थांबवता येत नाय."

खरंच येत नव्हतं. स्टँडवरच्या गाडीला ब्रेक कुठं लागतो? क्लच सुटला आणि गाडीनं उडी मारली. अण्णांनीही मारली, दुसऱ्या बाजूला. मी फाटकातून निघाले, रस्त्याला लागले, टाकीवरचा भंडारा उडून माझ्या तोंडावर आला, डोळे चुरचुरले. पुढं चढ होता. पहिल्या गिअरमध्ये गाडी धापा टाकत अर्ध्यापर्यंत गेली आणि आपोआप बंद पडली. मी उतरले, वळवली आणि ढकलत घरी आणली. ढकलत आणली याची मला काडीची लाज वाटली नाही. गेले होते बसून.

ब्रेक दुसऱ्या दिवशी शिकले. दिवाळीच्या आत उस्मानपुऱ्याची घरं परत मिळाली, सगळी नाही, पुरेशी. पुढं बबन कॉलेजात जाईपर्यंत त्याच फटफटीवर दूध घातलं. दर पावसाळ्यात तेच पाल, तीच वीतभर फट. शेवटी इंजिन कायमचं बसलं तेव्हा मीच ती भंगारात दिली. रडले नाही. भंगारात जाणं आणि भंगारात घालणं यात फरक असतो. अण्णा मरेपर्यंत माझ्याशी म्हशीमार्फतच बोलले. मी मात्र त्यांच्याशीच बोलायची.

पल्लवीनं हे सगळं पहिल्यांदाच ऐकलं. बबननं तिला कधी सांगितलं नव्हतं. त्याला शरम वाटत असावी, की त्याची आई फटफटीवर दूध घालायची. वाटू दे. दूध प्यायला नव्हती वाटली.

मग आम्ही नीट बसून कव्हर बघितलं. जाड रबरी होतं ते नको म्हटलं, आवळतं. आतून मऊ कापड असलेलं बघ, नाहीतर वाऱ्यानं फडफडून रंग घासतो. आरशाखाली वारा जायला वर झाकण असलेली भोकं पाहिजेत. शिवणीवर आतून पट्टी पाहिजे. पोटाखालून बांधायचा पट्टा पाहिजे, म्हणजे उडणार नाही आणि आवळणारही नाही. सायलेंसरपाशी उष्णता सोसणारं कापड. आणि कंपनीतून आलीस की लगेच घालायचं नाही. आधी वर जा, चहा पी, मग खाली येऊन घाल. रविवारी ऊन असलं तर काढून ठेव.

असं एक सापडलं. पल्लवी म्हणाली, "राखाडी घेऊ. कुणाच्या डोळ्यावर येणार नाही."

"पिवळं हाय का?"

"आहे. पण आजी, ते कोपऱ्यावरून दिसेल."

"मंग? चोरीची हाय का गाडी?"

तिनं पिवळं दाबलं. पत्ता घातला. मग मोबाइल खाली ठेवून म्हणाली, "सेक्रेटरीकाका आता म्हणतात, भिंतीबाहेरही नको, रस्ता अडतो. बाबांना सांगून गेले. मला काही बोललेच नाहीत."

"त्यांच्या समोर जा. डोळ्यांत बघून बोल."

"आणि वाटेत येऊन उभे राहिले तर?"

"गाडी चालू कर अन् म्हण, बाजूला व्हा, मला थांबवता येत नाय."

ती हसायला लागली. "पण मला येतं ना, आजी."

"ते त्यांना कशाला सांगतीस?"